दोन विभागांच्या मधली पीएचडी: स्वतःचा विषय स्वतः आखणाऱ्यांसाठी

देवराईतली झाडं ओळखायला वनस्पतिशास्त्र लागतं. ती झाडं इतकी वर्षं कुणी तोडली कशी नाहीत, हे समजायला गावातल्या मानकऱ्यांशी बोलावं लागतं, म्हणजे समाजशास्त्र आलं. जमीन कोणाच्या नावावर आहे ते सातबारा सांगतो आणि राई किती आक्रसली ते उपग्रहाची चित्रं. असा प्रश्न घेऊन पीएचडी करायची म्हटलं, की विद्यापीठाच्या खिडकीवर पहिलाच प्रश्न येतो: ‘विषय कोणता?’

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात संशोधक विद्यार्थी वेगवेगळ्या क्षेत्रांतले प्राध्यापक निवडून आपली ‘स्पेशल कमिटी’ जमवतो आणि अभ्यासक्रम तिच्यासोबत ठरवतो. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात आंतरविद्याशाखीय संशोधनासाठी वेगळा पदव्युत्तर कार्यक्रमच आहे. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक विद्यापीठांत सहसा असा वेगळा दरवाजा नसतो. तरी यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, पीएचडीबाबतची नियमावली (७ नोव्हेंबर २०२२) नीट वाचली तर स्वतःची पीएचडी स्वतः आखण्याच्या पाच जागा सापडतात: नोंदणीचा विषय, को-गाईड (सहमार्गदर्शक), सल्लागार समिती, कोर्सवर्क आणि परीक्षकांची यादी. हा लेख या पाच जागांबद्दल आहे. प्रत्येक विद्यापीठ ही नियमावली आपल्या परिपत्रकातून लागू करतं. त्यामुळे आपल्या विद्यापीठाचं ताजं परिपत्रक आधी उतरवून घ्या आणि हा लेख त्याच्या शेजारी ठेवून वाचा.

आधी प्रश्न

‘देवराई आणि पर्यावरण संवर्धन: एक आंतरविद्याशाखीय अभ्यास’ या शीर्षकात प्रश्नच नाही. हे बघा: ‘एकाच तालुक्यातल्या काही देवराया सरकारच्या नावावर आहेत, काही देवस्थानाच्या. गेल्या तीस वर्षांत दोन्हींच्या झाडोऱ्यात काय फरक पडला आणि तो कशामुळे?’ यात काय मोजायचं, कुठे मोजायचं आणि कशाची तुलना करायची, हे सगळं आलं.

आता एक कसोटी लावा. या प्रश्नातून एक विद्याशाखा पूर्ण काढून टाका. उत्तर तरीही निघतं का? निघत असेल तर सरळ एका विषयात पीएचडी करा आणि एखाद्या प्रकरणासाठी दुसऱ्या विभागातल्या कुणाची मदत घ्या. वेळ वाचेल, डोकेदुखीही वाचेल. माझ्या मते ‘आंतरविद्याशाखीय’ म्हणून पुढे येणारे बरेच प्रस्ताव इथेच गळायला हवेत.

दामोदर धर्मानंद कोसंबी मूळचे गणितज्ञ. जुन्या नाण्यांची वजनं घेऊन, चलनात फिरताना नाणं किती झिजतं याचं संख्याशास्त्र मांडून त्यांनी इतिहासाच्या प्रश्नांना हात घातला. त्यातून गणित काढलं तर युक्तिवादच उरत नाही. कसोटीला उतरणारा प्रश्न असा असतो. (कोसंबींकडे हार्वर्डची १९२९ ची पदवी होती, पीएचडी नव्हती. आजच्या नियमांत ते गाईड होऊ शकले नसते, हा भाग वेगळा.)

घरचा विषय कोणता

नवख्यांची सर्वांत मोठी फसगत इथे होते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे विद्यापीठात चार विद्याशाखा असतात: विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानवविज्ञान आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. चौथीचं नाव वाचून अनेकांना वाटतं, आपली जागा हीच. पण प्रत्यक्षात तिथे बहुतेक ठिकाणी शिक्षणशास्त्र, शारीरिक शिक्षण, ग्रंथालयशास्त्र, पत्रकारिता यांसारखे विषय ठेवलेले असतात. कुठलेही दोन विषय जोडून तिथे नोंदणी करता येईल, असा तिचा अर्थ नाही. तुमची नोंदणी शेवटी कोणत्या तरी एका विषयातच होणार. त्याला मी घरचा विषय म्हणतो.

तो ठरवताना आधी स्वतःची पदव्युत्तर पदवी बघा. प्रवेशासाठी पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग (नॉन-क्रीमीलेअर), दिव्यांग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना ५ टक्क्यांची सवलत आहे. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी मिळवलेल्यांनाही आता थेट अर्ज करता येतो. पण गुण असले म्हणून कुठल्याही विषयाचं दार उघडत नाही. समाजशास्त्रात एमए केलेल्याला वनस्पतिशास्त्रात नोंदणी मिळणं जवळपास अशक्य. त्याच प्रश्नासाठी तो समाजशास्त्रात मात्र नोंदणी घेऊ शकतो. पर्यावरणशास्त्रासारख्या काही विषयांची दारं त्या मानाने रुंद असतात. कोणत्या पदव्या चालतात, ते जाहिरातीतल्या पात्रतेच्या तक्त्यात शब्दशः तपासा.

मग नोकरीचा विचार करा, आणि तो करायला लाजू नका. सहायक प्राध्यापकाच्या भरतीत ‘संबंधित विषय’ हा शब्द सगळ्यांत जड. छाननी समिती तुमचं तिसरं प्रकरण वाचत नाही, नोंदणीचा विषय वाचते. तुमची पदव्युत्तर पदवी, नेट किंवा सेट (प्राध्यापकपदासाठीच्या पात्रता परीक्षा) आणि पीएचडी या तिन्ही एकाच किंवा लगतच्या विषयात असतील तर वाद कमी होतो. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं, आणि तिथेही अर्ज एका ठरावीक विषयातच भरावा लागतो. दोन्ही पर्याय खुले असतील तर माझा कल नेहमी नोकरीच्या बाजूच्या विषयाकडे असतो. दुसरी विद्याशाखा आत आणायला पुढे चार जागा आहेतच.

राज्य विद्यापीठांबाहेरही बघा. आयआयटी मुंबईतलं ‘सितारा’, म्हणजे ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञानाचे पर्याय शोधणारं केंद्र, मुळातच अनेक विद्याशाखांच्या संगमावर उभं आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचा विद्यार्थी प्राण्यांची हाडं आणि जुन्या धान्याचे दाणे तपासतो, आणि कुणी त्याला ‘तू जीवशास्त्रात का नाहीस’ असं विचारत नाही. अशा संस्थांचे प्रवेशाचे नियम आणि वेळापत्रक स्वतंत्र असतात.

गाईड आणि को-गाईड

विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त गाईड, त्यांची संशोधन केंद्रं आणि रिक्त जागा यांची यादी असते. नियमाप्रमाणे एका वेळी प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थी असू शकतात. ज्यांच्या निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरला आहे त्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. म्हणून नाव आवडलं की आधी रिक्त जागा आणि निवृत्तीचं वर्ष बघा, मग त्यांचे लेख वाचा.

आंतरविद्याशाखीय कामासाठी विभागाबाहेरचा, महाविद्यालयाबाहेरचा, अगदी विद्यापीठाबाहेरचाही को-गाईड नेमता येतो. नियमावलीत तशी स्पष्ट तरतूद आहे. ही दुसरी जागा, आणि तिचा उपयोग फार कमी जण करतात. को-गाईड गाईडच्या मैत्रीतला असला तर चांगलंच, पण त्याने तुमच्या दुसऱ्या विषयात स्वतः काम केलेलं असायला हवं. दोघांची एक बैठक प्रवेशाआधीच होऊ द्या. पुढे पेपरवर कोणाचं नाव कुठे येणार आणि मतभेद झाला तर शेवटचा शब्द कोणाचा, हे त्याच बैठकीत बोलून घ्या. विचारताना अवघडल्यासारखं होतं. चौथ्या वर्षी विचारायची वेळ आली तर त्याहून जास्त होतं.

पहिली ईमेल लहान ठेवा. काहीशी अशी:

‘आदरणीय मॅडम, नमस्कार. मी समाजशास्त्रात एमए केलं असून सेट उत्तीर्ण आहे. देवरायांच्या मालकीहक्काचा आणि झाडोऱ्याचा संबंध तपासावा, असा माझा विचार आहे. सामायिक जमिनीवरचा आपला लेख वाचला. त्यातली पद्धत देवरायांना लागू होईल का, याबद्दल आपल्याशी बोलायचं आहे. झाडोऱ्याच्या मोजणीसाठी वनस्पतिशास्त्रातले को-गाईड लागतील, याची मला कल्पना आहे. एका पानाचं टिपण सोबत जोडलं आहे. आपण वेळ दिलीत तर येऊन भेटेन.’

बायोडाटा मागितल्यावर पाठवा. आणि एकाच मजकुराची ईमेल दहा जणांना एकदम पाठवू नका. विभागातले लोक एकाच ठिकाणी चहा पितात.

पेट, नेट, मुलाखत

हा भाग सरधोपट आहे. विद्यापीठाची प्रवेश परीक्षा, म्हणजे पेट, असेल तर तिच्यात निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर आणि निम्मे विषयावर असतात. ५० टक्के मिळाले तर मुलाखत. परीक्षेला ७० आणि मुलाखतीला ३० टक्के भार. २०२४ पासून नेटचे गुणही पीएचडी प्रवेशासाठी धरले जाऊ लागले आहेत. विषयाचा भाग घरच्या विषयावर असतो, तेव्हा तयारी त्याचीच करा.

मुलाखतीत मात्र जपून. ‘हे आमच्या विषयात कसं बसतं?’ हा प्रश्न येणारच. तेव्हा आंतरविद्याशाखीयतेचं महत्त्व सांगत बसू नका. घरच्या विषयातला एखादा जुना वाद उचला आणि तुमच्या कामाने त्यात काय भर पडेल ते सांगा. समाजशास्त्राच्या समितीला सामायिक संसाधनांवरचं नियंत्रण समजतं. उपग्रहचित्रांचा उल्लेख पुराव्याचं साधन म्हणून करा आणि पुढे जा.

खरी आखणी इथे होते: समिती आणि कोर्सवर्क

प्रवेशानंतर प्रत्येक विद्यार्थ्यासाठी संशोधन सल्लागार समिती नेमली जाते. सगळे तिला आरएसी म्हणतात. गाईड तिचे निमंत्रक असतात आणि दर सत्रात एकदा तिच्यापुढे प्रगती मांडावी लागते. अनेक ठिकाणी ही समिती विभागातल्या विभागात, जे हाताशी असतील त्यांची होऊन जाते. तसं होण्याआधी गाईडना विनंती करा, की दुसऱ्या विद्याशाखेतला एक सदस्य घ्यावा. को-गाईड असले तरीही घ्यावा, कारण को-गाईड तुमच्याच बाजूचे असतात, आणि तुम्हाला तिथे शंका काढणारं कुणीतरी हवं असतं. व्हायवाला, म्हणजे शेवटच्या तोंडी परीक्षेला, जो आक्षेप निघणार आहे तो दुसऱ्या सत्रात निघालेला बरा.

विद्यार्थ्याने कोणते कोर्स करावेत हे ठरवणं, हे नियमावलीनेच या समितीचं काम ठरवलं आहे. कोर्सवर्क किमान १२ श्रेयांकांचं (क्रेडिटचं) असतं. त्यात संशोधन व प्रकाशन नीतिमत्तेचा २ श्रेयांकांचा कोर्स बंधनकारक, आणि संशोधन पद्धतीचाही करावाच लागतो. उरलेल्या श्रेयांकांमध्ये घरच्याच विषयाचे पेपर परत करण्यात अर्थ नाही. दुसऱ्या विभागातल्या एमएससीच्या वर्गात बसा. विद्यापीठ मान्य करत असेल तर ‘स्वयम’ या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावरचा कोर्स घ्या. अर्ज समितीच्या बैठकीआधी द्या आणि ठराव इतिवृत्तात नोंदवून घ्या. तोंडी ‘हो, करा’ला वर्षभराने किंमत राहत नाही. उत्तीर्ण व्हायला ५५ टक्के लागतात हे लक्षात ठेवून कोर्स निवडा. परक्या विषयातला सगळ्यांत अवघड पेपर हौसेने घेऊ नका.

दुसऱ्या विषयाचं किती शिकायचं, याला एक माप आहे: आपल्या पुराव्यातली चूक आपल्याला पकडता यायला हवी, इतकं. देवराईचंच घ्या. लँडसॅट या उपग्रहमालिकेची फुकट मिळणारी चित्रं जुन्या काळापासूनची आहेत, पण तिच्या नेहमी वापरल्या जाणाऱ्या पट्ट्यांमध्ये (बँडमध्ये) चित्राची एक चौकट, म्हणजे पिक्सेल, ३० मीटर बाय ३० मीटरची असते. एक हेक्टरच्या राईत अशा जेमतेम ११ चौकटी बसतात, आणि कडेच्या चौकटींत शेजारचं शेत किंवा काजूची बाग मिसळलेली असते. सेंटिनेल-२ या नव्या उपग्रहांची चौकट १० मीटरची, म्हणजे त्याच राईत १००. पण त्यांची चित्रं २०१५ पासूनचीच. तीस वर्षांचा बदल बघायचा, तर लहान राया सोडून द्यायच्या की जुन्या काळासाठी वेगळा पुरावा शोधायचा? हा निर्णय सॉफ्टवेअर चालवून देणारा मित्र घेऊ शकत नाही, तुम्हालाच घ्यावा लागतो.

दुसऱ्या बाजूनेही तेच. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याने सातबारा वाचायला शिकायला हवं. भोगवटादाराच्या नावावर थांबायचं नाही, ‘इतर अधिकार’ हा रकाना आणि जुने फेरफारही बघायचे. सरकारचं नाव लागलेल्या राईत देवाचं सगळं गावच बघत असतं, आणि कागदावर देवस्थान असलेल्या ठिकाणी कधी विश्वस्तांमध्येच वाद असतो. नमुन्याची झाडं ओळखताना अडलात तर पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, आघारकर संशोधन संस्थेतही वनस्पतिसंग्रह आहे. रीतसर पत्र घेऊन जा.

नियमावलीत आणखी एक तरतूद आहे: पीएचडीच्या काळात आठवड्याला ४ ते ६ तास अध्यापनाचं किंवा संशोधन-साहाय्याचं काम देता येतं. ते दुसऱ्या विभागात मिळतं का, विचारून बघा. पदवीच्या मुलांना क्वाड्रॅट (झाडं मोजण्यासाठी जमिनीवर आखलेली चौकट) टाकायला शिकवताना तुमचं स्वतःचं वनस्पतिशास्त्र जेवढं पक्कं होईल तेवढं पुस्तकातून होणार नाही.

सिनॉप्सिस

अनेक विद्यापीठांत सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, आरआरसीपुढे, म्हणजे संशोधन व मान्यता समितीपुढे जातो. ही समिती घरच्या विषयाची असते. म्हणून शीर्षक घरच्या विषयाच्या भाषेत ठेवा आणि दुसरी विद्याशाखा पद्धतीच्या भागात सविस्तर मांडा. शीर्षक नंतर बदलायचं तर पुन्हा समित्यांची पायरी चढावी लागते, तेव्हा तालुक्यांची नावं आणि वर्षं शीर्षकात कोंबण्याआधी विचार करा.

पूर्वसाहित्याचा आढावा घेताना ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात दोन्ही विषयांतले प्रबंध शोधा. एकच प्रश्न दोन विभागांत वेगवेगळ्या नावांनी हाताळलेला असतो. वनस्पतिशास्त्रात ‘सेक्रेड ग्रोव्ह’ टाकून जे सापडतं त्यापेक्षा समाजशास्त्रात ‘सामायिक जमीन’, ‘देवस्थान इनाम’ टाकून वेगळंच सापडेल. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी पश्चिम घाटातल्या देवरायांवर १९७० च्या दशकात केलेलं काम दोन्हीकडे लागतं.

परवानग्यांचा तक्ता सिनॉप्सिसलाच जोडा. राई वनजमिनीत असेल तर वनखात्याची परवानगी, माणसांच्या मुलाखती असतील तर संस्थेच्या नीतिमत्ता समितीची मान्यता. गावाची परवानगी कुठल्याच अर्जात येत नाही, पण ती आधी घ्या. काही रायांत चपला घालून जात नाहीत, काहींत ठरावीक दिवशीच जातात. काहींत बायकांनी जायचं की नाही, यावर गावात एकमत नसतं. संशोधक बाई असेल तर हा पद्धतीचाच प्रश्न होतो. त्यावर आराखड्यात लिहायला हवं.

वेळ आणि पैसा

किमान ३ वर्षं, कमाल ६. पुनर्नोंदणी करून आणखी २ वर्षं मिळतात. महिलांना आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना त्यावर आणखी २ वर्षांची सवलत. दोन विषयांत काम म्हणजे शिकण्याचा वेळ जास्त, हे धरून पहिलं वर्ष आखा. नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएचडीही करता येते, त्यासाठी कार्यालयाचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं.

जेआरएफची (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीची) रक्कम १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे, पुढे एसआरएफला (वरिष्ठ अधिछात्रवृत्तीला) ४२,०००. राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था आपापल्या समाजघटकांतल्या संशोधकांना अधिछात्रवृत्ती देतात. त्यांच्या जाहिराती आणि अटी बदलत राहतात, त्यामुळे संकेतस्थळ बघत राहा. अर्जाला पीएचडीच्या नोंदणीचं पत्र लागतं. ते हाती आलं की त्यातल्या विषयाचं स्पेलिंगसुद्धा तपासा.

प्रबंध, परीक्षक, व्हायवा

२०२२ च्या नियमावलीने प्रबंधाआधी शोधनिबंध छापून येण्याची देशपातळीवरची सक्ती काढली, पण विद्यापीठाने स्वतःची अट ठेवली आहे का ते विचारा. साम्य तपासणीत (वाङ्मयचौर्य शोधण्यासाठीच्या) १० टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं. दोन विषयांत लिहिताना पद्धतीच्या वर्णनात हा आकडा सहज वाढतो, कारण उपकरणाचं वर्णन सगळेच सारखं करतात.

परीक्षक किमान दोन, दोघंही विद्यापीठाबाहेरचे. शक्य असेल तिथे एक परदेशातला. नावांची यादी गाईड सुचवतात. ही पाचवी जागा. एक नाव शुद्ध वनस्पतिशास्त्राचं आणि एक शुद्ध समाजशास्त्राचं, अशी जोडी वरवर न्याय्य दिसते, पण धोक्याची असते. पहिले म्हणतील, मोजणी अपुरी आहे. दुसरे म्हणतील, सिद्धान्त कुठे आहे? शक्य तेवढी नावं अशी सुचवायला सांगा, ज्यांनी स्वतः दोन्हीकडे पाय ठेवून लिहिलं आहे. संदर्भसूचीत अशी माणसं तुम्हाला आधीच भेटलेली असतात. पहिल्या वर्षापासून त्यांची वेगळी यादी करत जा. एका परीक्षकाने प्रबंध नाकारला तर तो पॅनेलमधल्या पर्यायी परीक्षकाकडे जातो. सादर केल्यापासून सहा महिन्यांत व्हायवासह सगळं पूर्ण व्हावं, असं नियम म्हणतो.

प्रबंधाच्या प्रस्तावनेत दोन पानं वाचकासाठी राखून ठेवा: कोणतं प्रकरण कोणत्या पद्धतीने लिहिलं आहे, कोणत्या संज्ञा कोणत्या अर्थाने वापरल्या आहेत. ‘समुदाय’ म्हटल्यावर वनस्पतिशास्त्रज्ञाला झाडं दिसतात आणि समाजशास्त्रज्ञाला माणसं.

पदवी मिळाली की विद्यापीठाकडून एक प्रमाणपत्र लगेच मागून घ्या: पीएचडी यूजीसीच्या नियमावलीनुसार झाली आहे, नोंदणीचा विषय अमुक, विद्याशाखा अमुक. त्यासोबत कोर्सवर्कची गुणपत्रिका आणि सल्लागार समितीची इतिवृत्तं जपून ठेवा. मुलाखतीला ‘तुमचा विषय आमचा कसा?’ असं कुणी विचारलं, तर दाखवायला हे कागद लागतात. पाच वर्षांनी विभागात ते सापडतीलच, याची खात्री धरू नका.